पाळण्याची चाल

कांदा उपटून तीन दिवस झाले होते. पात अजून पुरती वाळली नव्हती आणि सकाळपासून आभाळ भरून यायचं, पुन्हा फाटायचं. माझा नवरा रविंद्र घडीघडीला मोबाईलवर हवामान बघायचा, मग मान वर करून आभाळाकडं बघायचा. दोघांचं काही एकमत होत नव्हतं.

सावडीच्या आम्ही सात जणी ओळीनं बसलो होतो. आज सगळ्या आमच्या रानात, मंगळवारी सगळ्या सारजाबाईंच्या रानात. ज्या घरची बाई आली नाही त्या घरच्या रानाकडं मग कुणी फिरकत नाही. कांदा उचलायचा, विळ्यानं पात कापायची, मान दोन बोटं ठेवायची, कांदा मागं टाकायचा. मान आखूड कापली की साठवणीच्या बराखीत कांदा सडतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी दोन पाट्या तशा कापून ठेवल्या होत्या. सारजाबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

प्रतीक्षाला बांधावरच्या आंब्याला जुन्या लुगड्याची झोळी करून निजवलं होतं. आठ महिन्यांची माझी पोर. झोळीची दोरी आत्यांनी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधून घेतली होती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, फुलाबाई. पंचाहत्तरी गाठलेली, दम्यानं छाती भात्यासारखी वरखाली होणारी, पण विळा माझ्याहून चपळ. हात कांदा कापत होते, अंगठा झोळी हलवत होता आणि तोंडानं पाळणा चालला होता.

पहिल्या दिवशी उजेड आला
उंबरा सोडून घरात शिरला
बाळ हातानं धराया गेला
जो बाळा जो जो रे जो

तिसऱ्या ओळीला पाळणा एकदम वर चढतो. आत्यांचा दम आता तिथवर पोचत नाही. त्या ओळीला त्या गप्प व्हायच्या, विळ्याचा हात नुसता वर न्यायच्या आणि चौथ्या ओळीला पुन्हा आवाज लावायच्या.

"फुलाबाई, तिसरी वळ गिळली का गं?" सारजाबाई म्हणाल्या.

"दम्यानं गिळली. मी उपाशीच हाय."

बाया हसल्या. पण हसता हसता दोघीतिघींनी ती गिळलेली ओळ आपसूक म्हणून टाकली. जुन्नर-आंबेगावात आमच्या लोकांत असं घर नसेल जिथं हा पाळणा म्हटला गेला नाही. जयंतीला विहारात पाळणा हलवताना हाच, बारशाला हाच. आता तर मिरवणुकीच्या गाडीवर ढोलताशे घालूनही वाजतो. माझे सासरे सोमनाथ पेटी वाजवायचे आणि बोल लिहायचे, आत्या गायच्या. सोमनाथ-फुलाबाई गायन पार्टी म्हटलं की ओतूरपासून घोडेगावपर्यंत माणसं चालत यायची. वारूळवाडीला माझ्या आईनं मला याच पाळण्यावर निजवलं. हा गळा आपल्या सासूचा, हे मला लग्न ठरल्यावर कळलं.

अकराच्या सुमारास बांधावर मोटारसायकल थांबली. माझ्या माहेरचा बुद्धभूषण. फ्लेक्स आणि छपाईचं दुकान आहे त्याचं.

"आजी, जय भीम!"

"जय भीम, बाबा. ये, बस कांद्यात. विळा दिऊ का?"

"आजी, मी काय आणलंय ते आधी बघा." त्यानं पाठीवरच्या बॅगेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं सासऱ्यांच्या गाण्यांचं एक लहानसं पुस्तक काढलं. गुलाबी कव्हर विटून पांढरं पडलेलं. आत्यांनी हात पदराला पुसले, तरी पुस्तकाला हात लावला नाही.

"कुटं गावलं रं तुला?"

"पुण्यात, रद्दीवाल्याकडं. चौदा एप्रिलला आपण हे परत छापतोय. आणि तुमचा सत्कार. पण आजी, मला एक गोष्ट लई भारी वाटली. बघा, प्रत्येक गाण्यावर चाल कुणाची ते लिहिलंय. चाल – जात्यावरची. चाल – भलरीची. चाल – सिनेमातली. सगळ्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव. आणि एकाच गाण्यावर, पाळण्यावर लिहिलंय, चाल – स्वतंत्र! म्हणजे तुमची स्वतःची!" त्यानं मोबाईल पुढं धरला. "म्हणून मी कव्हर असं केलंय."

कव्हरवर आत्यांचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'स्वतंत्र चालीच्या गायिका फुलाबाई'.

रविंद्र पाटी खाली ठेवून धावत आला. "मला पाठव, मला पाठव. सगळ्या ग्रुपवर टाकतो."

आत्यांचा अंगठा थांबला होता. झोळी थांबली. प्रतीक्षा आत कुरकुरली, मग रडायलाच लागली.

"आत्या, दोरी," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

"हे असं नगं छापू," त्या बुद्धभूषणला म्हणाल्या.

"का आजी? फोटो आवडला नाही का?"

"नगं छापू म्हन्ते ना. कवापतोर द्यायचंय?"

"शुक्रवारी प्रेसला गेलंच पाहिजे."

"मंग शुक्रवारपतोर थांब."

"बया! म्हातारपणी लाजतीया," सारजाबाई म्हणाल्या. "टेंपोवर उभी ऱ्हाऊन गाताना लाज न्हाई वाटली ती?"

"तवा तूच म्होरं बसून टाळ्या पिटत व्हतीस की," आत्या म्हणाल्या. पण रोजची धार नव्हती त्यात. उरलेला दिवस त्यांनी पाळणा म्हटला नाही. मी झोळीची दोरी माझ्या पायाला बांधून घेतली, आणि माझा अंगठा संध्याकाळपर्यंत सुजला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या भाकरी थापत होत्या आणि मी चुलीपुढं प्रतीक्षाला पाजत बसले होते. ही आमची रोजची वेळ. पोर पिते, भाकरी फुगते, बाकी घर निजलेलं असतं.

"तुझा सासरा लई टापटिपीचा मानूस व्हता," आत्या एकदम म्हणाल्या. "म्हनायचा, बोल आपले, चाल ज्याची त्याची. स्टेजवर बी गान्याच्या आधी सांगायचा, चाल अमक्याची म्हनून. म्हनायचा, आपल्या लोकांचं समद्यांनी चोरलं, आपुन कुनाचं चोरायचं न्हाई."

आत्यांना मधे बोललेलं चालत नाही.

"बहात्तरला हिकडं काय बी पिकलं न्हाई. तळेघरला डोंगरात पाऊस व्हता. भाताच्या आवणीला मानसं लागत्यात म्हनून आमी दोघं गेलो. थोरली अंगावर पीत व्हती, चार महिन्यांची. तिला बांधावर पाटीत निजवायची, वर पावसाचं इरलं. एक दिस ती रडाय लागली ती थांबंचना. मी चिखलात, हातात रोपाची जुडी. मालकाची सून व्हती सोनीबाई, माझ्याच वयाची. माझ्या बाजूला वाकली व्हती. आवणीचं गानं म्हनत व्हती. तिनं बोल सोडलं, नुसती चाल धरली आन् पोरीकडं त्वांड करून म्हनत ऱ्हायली. पोरगी गप. डोळं मिटून गप."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"तीच ही चाल, तेजू. मी तिच्यावर बाबासाहेबाचं बोल बसवून घेतलं ह्यांच्याकडनं."

"मग पुस्तकात स्वतंत्र का लिहिलं?"

"त्याच दिशी दुपारी मी पानी मागितलं. अंगावर पाजनारी बाई, घशाला कोरड. सोनीबाई घरात गेली, तांब्या घिऊन आली. म्हनली, ओंजळ कर. आन् लांबनं, वरनं घातलं." आत्यांनी दोन्ही पिठाळ हात जोडून ओंजळ केली. "हितनं कोपरावरनं खाली गळालं निम्मं. माझी पोर तिनं निजवली. पर पानी वरनं."

चुलीत काटकी तडकली.

"पुढं पुस्तक काढायचं ठरलं. हे म्हनले, पाळण्यावर तळेघरच्या सोनीबाईचं नाव घालतो. मी म्हनले, न्हाई. तिचं नाव माझ्या गान्यावर नगं. लिवा स्वतंत्र. हे दोन दिस माझ्याशी बोलले न्हाईत. मंग लिवलं. आन् मरस्तवर स्टेजवर पाळण्याआधी चाल कुनाची ते सांगितलं न्हाई. नुसती पेटी धरायचं."

भाकरी करपल्याचा वास आला. मी हात पुढं करून ती उलटली.

"आत्या, पण त्यात तुमचं काय चुकलं? पाणी वरून कुणी घातलं?"

"पान्याचं ती बघंल," आत्या म्हणाल्या. "चालीचं मला बघायचंय."

रविंद्रनं ऐकलं तेव्हा तो दात घासत होता. तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "आई, डोकं ठिकाणावर हाय का? निम्मा कांदा रानात, आभाळ हे असं, मंगळवारी सारजाबाईची सावड. आन् तू तळेघरला जानार? ती बाई जित्ती हाय का ते तरी ठावं हाय का?"

"गेल्यावर कळंल."

"पन्नास वर्सं झाली. कुनाला काय पडलंय त्याचं?"

"मला."

"मी ते कव्हर सगळ्या ग्रुपवर टाकलंय," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. दिवसभर तो आईशी बोलला नाही. मला तेव्हा वाटलं, सासरे असेच गप्प राहत असतील.

सोमवारी सगळा कांदा कापून झाला. ढिगावर ताडपत्री टाकून कडेला दगड ठेवताना रविंद्र माझ्याजवळ आला. "म्हातारीला एकटीला न्हाई जमायचं. तू जाशील संगं?"

"आणि सारजाबाईंची सावड?"

"मी बसतो."

"बायांत?"

"मंग काय करू? हात हायेत ना मला."

मंगळवारी सकाळी त्यानं आम्हा तिघींना मोटारसायकलवर घालून घोडेगावच्या स्टॅंडवर सोडलं. भीमाशंकरची एस्टी मिळाली. आत्यांच्या पिशवीत फडक्यात बांधलेले पाच-सहा किलो कांदे होते आणि पाण्याच्या दोन बाटल्या.

"एवढं पाणी कशाला, आत्या? तिथं मिळेल की."

"माझं पानी माझ्यासंगं."

डिंभ्याच्या धरणाचं पाणी पार खाली गेलं होतं, काठाला मातीच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. घाट लागला तशी प्रतीक्षा माझ्या दंडावर डोकं टाकून निजली. आत्या खिडकीतून बघत होत्या. वाटेतल्या वावरांत भाताच्या रोपांसाठी राब भाजून काळ्या चौकटी पडल्या होत्या. आवणीला अजून दोन-अडीच महिने होते.

तळेघरला उतरलो. दुकानाच्या बाकड्यावर एक म्हातारबाबा बसले होते, दुकानदार त्यांना भागूबाबा म्हणत होता. आत्यांनी विचारलं.

"सोनीबाई? हितं तीन सोनीबाया हायेत. येक बहिरी, येक भांडखोर, येक वाकल्याली. कंची पायजे?"

"तिन्ही येकच असायची," आत्या म्हणाल्या. "गानारी पायजे."

बाबा दात नसलेलं हसले. "गानारी व्हय. ती वाकल्याली. त्या वरच्या वाडीत, दारात हिरडा हाय. पर पावणं, चढ हाय बरं का."

चढ होताच. अर्ध्या तासाच्या वाटेला आम्हाला सव्वा तास लागला. दर पाच-पन्नास पावलांवर आत्या बांधावर टेकायच्या, छाती वाजायची. मी काखेत पोर, खांद्यावर कांद्याची पिशवी. एकदा म्हटलं, "आत्या, परत फिरू या का?" त्या बाटलीतलं एक घोट पाणी प्यायल्या आणि उठल्या.

अंगणभर हिरडा वाळत घातला होता. एक तरणी बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन त्याच वेळी खालून आली, घामानं भिजलेली. तिनं हंडे उतरवले, आम्हाला ओट्यावर बसवलं. मोहिनी तिचं नाव, सोनीबाईंची नातसून. सोनीबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हिरडा निवडत बसल्या होत्या. बसल्यावरही कळत होतं, कंबर पार काटकोनात गेलेली. उठून उभ्या राहिल्या असत्या तरी नजर जमिनीवरच राहिली असती.

मोहिनीनं ताटलीत दोन ग्लास पाणी आणलं.

"नगं बाई, माझं हाय," आत्यांनी बाटली दाखवली.

मोहिनी ताटली धरून तशीच उभी राहिली. घाम अजून तिच्या हनुवटीवरून गळत होता. मी पटकन एक ग्लास घेतला आणि पिऊन टाकला. दुसरा तिनं ओट्यावर ठेवला.

"कोन म्हनायच्या?" सोनीबाईंनी मान तिरकी करून विचारलं.

"म्हाळुंग्याची फुला. बहात्तरला आवणीला आले व्हते तुमच्याकडं. माझी पोरगी रडत व्हती बांधावर."

"लई जनी यायच्या बाई तवा. लई पोरी रडायच्या." त्यांनी एक किडका हिरडा बाजूला टाकला. "न्हाई बा आठवत."

आत्यांचा चेहरा उतरला. पन्नास वर्षं जिला मनात धरून बसलं, तिच्या मनात आपण नाहीच. मला वाटलं आता त्या उठतील. पण त्यांनी डोळे मिटले आणि बोल न घेता नुसती चाल धरली.

पहिल्या ओळीला सोनीबाईंचे हात थांबले. दुसऱ्या ओळीत त्यांचा आवाज मिसळला, पातळ, चिरका, पण सुराला पक्का. त्यांना बोल येत होते.

मेघ गं आला डोंगराआड
रोपाच्या जुडीला सोड गं सोड

तिसऱ्या ओळीला आत्या सवयीनं गप्प झाल्या आणि हात वर नेला. सोनीबाईंचा आवाज खाली गेला. अगदी खाली, जमिनीला लागेल असा.

वाकून वाकून चिखलात गाड
पान्याची आली गं सर

"वर कुटं चाललीस?" सोनीबाई म्हणाल्या. "खाली यायचं हितं. हात चिखलात जातो ना." आणि मग त्यांनी आत्यांकडं नीट बघितलं. "इरल्याखाली पाटीत व्हती ती पोर? गोरी?"

"तीच. आज्जी झाली ती बी आता."

"अगं बया."

मग आत्यांनी पुस्तकाचं आणि त्यात नाव घालायचं सांगितलं. मोबाईलवरचं जुन्या पानाचं चित्र मी दाखवलं. सोनीबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी त्या जागेला बोट लावलं.

"माझं नाव? पुस्तकात? कशापायी?"

"चाल तुझी हाय म्हनून."

"माझी कशाची? माझ्या सासूची. तिच्या सासूची. चिखलाची म्हन." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पर मंग तवाच का न्हाई लिवलं?"

प्रतीक्षा जागी झाली होती, माझ्या मांडीवरून हिरड्याकडं झेपावत होती.

"तू मला पानी वरनं घातलं व्हतंस," आत्या म्हणाल्या.

मोहिनी दारात हिरडे पसरत होती, तिचा हात थांबला.

"घातलं असंल," सोनीबाई म्हणाल्या.

"असंल न्हाई. घातलंस."

"घातलं." सोनीबाई समोरच्या ढिगाकडं बघत होत्या. "सासू दारात उभी असायची माझी." मग त्यांनी मान हलवली. "न्हाई. ती नसती तरी तसंच घातलं असतं. खोटं कशाला बोलू? तवा माझ्या बी डोक्यात तसंच व्हतं."

आत्यांनी मान डोलावली, हिशोब बरोबर जुळल्यावर डोलवावी तशी. खालच्या वाडीत कुणीतरी बकऱ्यांना हाका मारत होतं.

"तुझी म्हन बरं," सोनीबाई म्हणाल्या. "ती वरची."

"दम न्हाई ऱ्हायला."

"सुनंला येत असंल की."

मला येत होती. मी लाजत, प्रतीक्षाला मांडीवर धरून म्हटली. बाळ हातानं धराया गेला. आईनं म्हटली होती तशी, वर. सोनीबाईंनी दोनदा म्हणायला लावली. ऐकताना त्यांनी ती वाकलेली मान वर करायचा प्रयत्न केला, पण मान जेवढी जायची तेवढीच गेली.

"ही माझी न्हाई," त्या म्हणाल्या. "आमची खाली वाकती. रोप लावताना मानूस वर बघतंय व्हय? तुझी उभी ऱ्हाती. ही वळ तुझी तू केलीस, फुला. लिव तसं. बाकीची माझी, ही तुझी."

आत्यांनी पदरानं नाक पुसलं.

"बोलून बोलून घसा वाळला," सोनीबाई म्हणाल्या आणि हात पुढं केला. "दी की तुझ्यातलं."

आत्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी बाटली दिली. सोनीबाईंनी ती सरळ तोंडाला लावली. मान वर करता येत नव्हती म्हणून अंगच तिरकं केलं, पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडलं. बाटली परत देताना त्यांनी ती पुसली नाही.

"आज्जी, तुमचं पानी तसंच हाय," मोहिनी दारातून म्हणाली.

ओट्यावरचा तो ग्लास आत्यांनी उचलला आणि थांबत थांबत, सगळा प्यायल्या.

निघताना सोनीबाईंनी कांदे ठेवून घेतले आणि नाचणीचं पीठ दिलं पिशवीभर. "पोरीला पाज पातळ करून. हाडं घट व्हत्यात." चौदा तारखेला या, असं आत्या म्हणाल्या. "मी? अगं मला दारातल्या हिरड्यापतोर जाववत न्हाई," सोनीबाई म्हणाल्या. "तू म्हनशील तिथं मी हायेच की."

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. रविंद्र ओट्यावर बसला होता, डोळे टोमॅटोसारखे लाल. सारजाबाई अंगणातच होत्या.

"तेजू, तुझ्या नवऱ्यालाच धाडत जा बाई सावडीला. तुझ्यापरीस बरी मान ठिवतो. निस्ता रडतो लई."

"कांद्यानं," रविंद्र म्हणाला.

त्यानं आईला काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या भरून पुढं ठेवला आणि तिचे पाय चेपायला बसला. तेव्हा आत्यांनीच सांगितलं सगळं, पहिल्यापासून. रात्री चार थेंब पडले, पण ताडपत्री होती.

शुक्रवारी बुद्धभूषण आला. आत्यांनी सांगितलं, त्यानं मोबाईलवर उतरवून घेतलं, मी अक्षर न् अक्षर तपासलं. चाल – तळेघरच्या सोनीबाईच्या आवणीची. तिसरी ओळ फुलाबाईची.

"आजी, मग कव्हरवरचं 'स्वतंत्र चालीच्या गायिका' काढावं लागेल." त्याचा जीव होत नव्हता. "तिथं काय टाकू?"

"नाव टाक की. नाव हाय मला."

चौदा तारखेला विहारासमोर मांडव पडला. ऊन उतरलं तशा बाया जमल्या, पांढऱ्या साड्यांत, पोरं काखेला. पुढच्या रांगेत सारजाबाई. सत्काराची शाल आत्यांच्या खांद्यावरून सारखी घसरत होती. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली आणि माईक पुढं केला. बुद्धभूषणनं आधीच सांगून ठेवलं होतं, आजींना दमा आहे, दोनच ओळी म्हणतील, बाकी सगळ्यांनी धरा.

आत्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"चाल तळेघरच्या सोनीबाईची," त्या म्हणाल्या.

म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पेटी धरायला कुणी नव्हतं, आत्यांनी तशीच सुरुवात केली. पहिल्या दिवशी उजेड आला. आवाज फाटका होता, पण जागेवर होता. उंबरा सोडून घरात शिरला. तिसऱ्या ओळीला बाया तयार बसल्या होत्या. सगळ्यांनी मिळून ती उचलली, वर, नेहमीसारखी. मीही उचलली, प्रतीक्षा माझ्या मांडीवर टाळ्या पिटायला लागली. आणि त्याच वेळी माईकमधून आत्यांचा आवाज आला. त्या गप्प बसल्या नव्हत्या, हातही वर नेला नव्हता. त्या खाली गेल्या होत्या, वाकून, चिखलापर्यंत. तेवढा दम त्यांच्यात होता. दोनशे बाया वर आणि एक आवाज खाली, आणि दोन्ही चौथ्या ओळीला येऊन मिळाले. जो बाळा जो जो रे जो.

कडवं संपलं तसं मांडवात जरा कुजबुज झाली.

"फुलाबाई," सारजाबाई खालून मोठ्यानं म्हणाल्या, "तिसरी वळ चुकलीस की गं."

"चुकले न्हाई," आत्या म्हणाल्या. माईक चालूच होता. "तुमी म्हनली ती माझी. मी म्हनले ती सोनीबाईची."

शाल पुन्हा घसरली. ती त्यांनी काढून माझ्या हातात दिली, पाळण्याची दोरी ओढली आणि दुसऱ्या दिवसाचं कडवं धरलं.